दुपारी दीडचं फूल

गल्लीतले सगळे त्यांना दातवाल्या बाई म्हणत. त्यांचे स्वतःचे दात काही सांगण्यासारखे नव्हते, खालचे दोन तर एकमेकांच्या अंगावर रेललेले होते. पण गेली सदतीस वर्षं त्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवत होत्या. शहरातले निम्मे म्हातारे आपण केलेल्या दातांनी हसतात आणि त्याच दातांनी आपल्याला नावं ठेवतात, असं त्या म्हणायच्या. काम बारकाईचं. डॉक्टरांकडून तोंडाचं माप यायचं, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाची हिरडी उभी करायची, तिच्यावर एकेक दात बसवायचा, मग घासायचं, पॉलिश करायचं. केसभर इकडचं तिकडे झालं की समोरचा जेवताना शिव्या घालणार. त्यामुळे बाईंना दोन शब्द ऐकले की तिडीक यायची. एक 'अंदाजे' आणि दुसरा 'चालतंय की'.

आणि नशीब बघा, घरात नेमके हेच दोन शब्द जपणारी दोन माणसं.

नवरा बसचालक होता, आता निवृत्त. तीस वर्षं गर्दीतून बस हाकून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं, की हॉर्न वाजवून जगात काहीही लवकर होत नाही. कुठलीही गोष्ट सांगा, त्यांचं उत्तर तयार असायचं, "बघू. होईल गं." आणि जेवल्यावर बारा ते तीन झोप. घराला आग लागली असती तरी त्यांनी तीन वाजता उठून विचारलं असतं, काही जळतंय का म्हणून.

सासूबाई ब्याऐंशीच्या. त्यांचा मापांवर विश्वास नव्हता. चिमूटभर, घोटभर, जराशी, एवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि वर ते छान निघालं होतं. त्यांच्या तोंडात सुनेनंच केलेली कवळी होती. ती चारदा नव्यानं करून झाली होती आणि चारही वेळा एकच तक्रार, "टोचते." बाईंनी ती तपासली, घासली, तरी टोचतेच. शेवटी बाईंनी समजून घेतलं, की टोचते ती कवळी नव्हे.

तर अशा घरात फळ शिरलं ते लॅबमधून. एका डॉक्टरांचा भाऊ फळबाग करायचा. त्याच्याकडची कृष्णफळं डॉक्टर घेऊन आले. कृष्णफळ म्हणजे फळवाल्यांचं पॅशन फ्रूट. मधोमध कापायचं आणि आतला रस बियांसकट चमच्यानं खायचा. बाजारात मिळतं ते पिवळं, असं आंबट की एक डोळा आपोआप मिटतो. पण डॉक्टरांनी आणलेलं लालसर होतं, लिंबापेक्षा चांगलं मोठं, आणि चवीला गोड, मागून किंचित आंबट. डॉक्टर म्हणाले, "संकरित आहे. जांभळी जात आणि पिवळी जात एकत्र करून काढलंय. जांभळी गोड पण नाजूक, पिवळी आंबट पण दणकट."

बाईंनी अर्धं फळ खाल्लं, अर्धं डब्यात घालून घरी आणलं. नवऱ्यानं खाल्लं नि म्हणाले, "वा." सासूबाईंनी खाल्लं आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. बी कवळीत अडकली असंसुद्धा म्हणाल्या नाहीत. तीस वर्षांत सासूबाईंनी नाव न ठेवलेली ही पहिली वस्तू. बाईंच्या मनात ते फळ तिथंच रुतून बसलं.

त्यांचं घर वरच्या मजल्यावर, पुढे ऐसपैस गच्ची. झाडांची आवड पहिल्यापासून होतीच. त्यांनी टपालानं 'संकरित' म्हणून रोप मागवलं. पहिलं आलं ते वाळून काडी झालेलं. दुसरं जगलं, वर्षभर कठड्यावर ऐटीत पसरलं, फुललं, आणि मग कळलं की तो नुसता शोभेचा वेल आहे, त्याला फळ येतच नाही. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, धीर धरा."

"धीर धरला तर त्याला फळ येईल?"

"ते नाही सांगता येणार. पण धीर धरलेला बरा."

बाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी ठरवलं, की हे आता आपणच करायचं. ज्या बाईनं हजारो माणसांच्या तोंडात दात उगवले, तिला दोन वेलींची सोयरीक जमवता येऊ नये?

त्यांनी रोपवाटिकेतून एक जांभळी आणि एक पिवळी वेल आणली. पहिल्या वर्षी काय ते कळून चुकलं. जांभळीनं चार फळं दिली, गोड, पण ऊन वाढलं की ती आजाऱ्यासारखी मान टाकायची. पिवळी नुसती दांडगाई करत सुटली, पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, शेकड्यानं फुलली, पण फळ एकही धरलं नाही. बाईंनी वाचून काढलं. पिवळ्या जातीला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या वेलीचा लागतो. बाई खूश झाल्या. म्हणजे पिवळीच्या फुलाला जांभळीचा पराग लावायचा, आणि जे फळ धरेल ते संकरितच असणार. आणखी कुठली वेल आहेच कुठे इथं?

मग खरी मेख कळली. जांभळीची फुलं भल्या पहाटे उघडतात आणि दुपार व्हायच्या आत मिटतात. पिवळीची फुलं उघडतात तीच दुपारी. एक उठते तेव्हा दुसरी झोपलेली. दुसरी उठते तेव्हा पहिली निजायला गेलेली.

"आपल्यासारखंच आहे की," नवरा म्हणाले. "मी पहाटेच्या पाळीला असायचो तेव्हा आपण तरी कुठे भेटायचो?"

"तुम्ही हसा," बाई म्हणाल्या.

उपाय अवघड नव्हता. सकाळी जांभळीचा पराग कुंचल्यानं झटकून बाटलीत घ्यायचा, बाटली फ्रिजमध्ये, आणि दुपारी तो पिवळीला लावायचा. सकाळचं बाई करू शकत होत्या. पण दुपारी त्या लॅबमध्ये. संध्याकाळी बस मिळून घरी पोचेपर्यंत सात वाजायचे, तोवर पिवळीची फुलं मिटायला टेकलेली. त्यांनी लॅबच्या मालकांना विचारलं, महिनाभर दुपारी दोन तास सुटी मिळेल का.

"घरी कुणी आजारी आहे?"

"नाही. फुलं आहेत."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "बाई, एका लग्नाच्या आधी तीन कवळ्या द्यायच्यात. नवऱ्या मुलाचे दोन्ही आजोबा आणि एक आत्या."

राहता राहिला नवरा. बाईंनी सगळं समजावलं. फुलाच्या मधोमध तीन बारीक देठ असतात, त्यांच्या टोकाला बटणं. फूल उघडलं की ते देठ आधी ताठ उभे असतात, तासाभरानं खाली झुकतात. झुकले की त्या बटणांवर हळूच कुंचला फिरवायचा. झालं. नवऱ्यानं मान डोलावली. तीन दिवसांनी बाईंनी पाहिलं तर बारा फुलांचे देठ मोडलेले.

"अहो, हे काय?"

"झुकत नव्हते. मी जरा झुकवले."

"झुकवले?"

"झोप यायला लागली होती गं. म्हटलं चालतंय की."

बाई त्या दिवशी इतक्या चिडल्या की लॅबमध्ये एका सभ्य गृहस्थाच्या कवळीला त्यांनी सुळे जरा जास्तच टोकदार बसवले, आणि मग स्वतःच काढून परत केले.

मग सासूबाई म्हणाल्या, "मी लावते."

बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सासूबाईंचे हात थरथरायचे, एका डोळ्याला कमी दिसायचं, आणि त्या कुणी सांगितलेलं काम सांगितल्यासारखं कधी करत नसत. पण दुसरं होतं कोण? सकाळी जांभळीला आठ फुलं होती आणि हंगाम काही कुणासाठी थांबणार नव्हता. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, कुंचला हातात दिला, सगळं पुन्हा सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माना खाली घातल्या की लावायचं. कळलं. सुनांसारखंच."

"कुठल्या सुनांसारखं?" बाई म्हणाल्या.

"पूर्वी असायच्या," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. दुपारी दीड वाजता. फ्रिजमधली छोटी बाटली. प्रत्येक फुलाला तीन वेळा कुंचला. ज्या फुलाला लावलं त्याच्या देठाला लाल धागा बांधायचा. ज्याला लावलं नाही त्याला बांधायचा नाही. शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

आणि आश्चर्य म्हणजे काम सुरू झालं. रोज दुपारी सासूबाई गच्चीत खुर्ची टाकून बसायच्या, डोक्यावर जावयानं आणलेली गवती टोपी, मांडीवर लाल धाग्याचं रीळ. फुलांच्या माना खाली जायची वाट बघत त्या फुलांशी बोलायच्या असं नवऱ्यानं सांगितलं. संध्याकाळी बाई आल्या की पायातली चप्पल काढायच्या आत अहवाल. "आज अकरा केली. एक नखरेल होती, शेवटपर्यंत मान खाली घालीना. तिला मी ओळखून आहे." दोन आठवड्यांत पिवळीवर हिरव्या गोट्या दिसायला लागल्या. मोजून एकोणीस. एकोणीसही फळांना लाल धागा. बाईंनी तीन वेळा मोजले. त्या रात्री त्यांनी सासूबाईंची कवळी न सांगता पुन्हा एकदा पॉलिश करून ठेवली.

"अजून टोचते," सासूबाई सकाळी म्हणाल्या.

अडीच महिन्यांनी फळं पिकून गळाली. बाईंनी सगळ्यात मोठी सहा निवडली, बिया धुतल्या, सावलीत सुकवल्या, पेरल्या. वीस रोपं उगवली. गच्चीत जागा चार पिंपांपुरती, म्हणून त्यांनी सगळ्यात जोमदार चार ठेवली आणि बाकीची लॅबमध्ये, ओळखीत वाटायची ठरवली. तेवढ्यात खालून चिठ्ठी आली.

खालच्या मजल्यावर वजनमापवाले राहायचे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात होते, बायको गेलेली, मुलं लांब. एके काळी ते बाजारात शिरले की दुकानदार तराजू लपवायचे म्हणे. आता तपासायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते बाईंची गच्ची तपासायचे. चिठ्ठ्या सुरेख अक्षरात यायच्या. 'विषय: वरच्या मजल्यावरून होणारी गळती. काल दुपारी चार ते चार वाजून दहा मिनिटं या वेळेत खिडकीच्या गजावर सत्तावीस थेंब पडले.' बाई अकरा वर्षं या चिठ्ठ्या वाचत होत्या आणि अकरा वर्षांत त्या दोघांचं समोरासमोर धड बोलणं झालं नव्हतं.

नवऱ्यानं परस्पर एक रोप नेऊन वजनमापवाल्यांना देऊन टाकलं.

"कशाला दिलंत?" बाई म्हणाल्या.

"शांत होतील. आणि ते मरतुकडंच होतं गं. चार पानं."

"मरतुकडं असलं म्हणून काय झालं? आणि त्यांनाच?"

"बघू," नवरा म्हणाले. त्याचा अर्थ काय, हे इतक्या वर्षांच्या संसारात बाईंना कळलं नव्हतं.

मग चौदा महिने वाट. चार पिंपांत चाळलेलं शेणखत, वेलींना तारेचा मांडव, पानांच्या मागच्या पांढऱ्या किडीला जुन्या दातांच्या ब्रशनं घासून काढणं, रोज सकाळी पाणी, आणि रोज खालून चिठ्ठी. उन्हाळ्यात जुनी जांभळी एकदाची मेली. बाईंना वाईट वाटलं, पण म्हणाल्या, तिचं जे चांगलं होतं ते पुढे गेलंय. वेली उंच गेल्या, फुलल्या. हंगामात बाई रजा टाकून घरी बसल्या, चारही वेलींचा पराग एकमेकींना लावला. फळं धरली. मोठी झाली. रंग बदलायला लागला.

पिवळा.

चारही वेलींवर पिवळी. बाईंनी पहिलं पडलेलं फळ कापलं, चमचाभर तोंडात घातलं आणि त्यांचा डावा डोळा मिटला. दुसरं कापलं. तिसरं. चौथ्या वेलीचं तर एवढं आंबट, की नवरासुद्धा 'बघू' म्हणाले नाहीत.

बाई गच्चीत स्टूल घेऊन बसल्या आणि मागचं सगळं मनात उलगडायला लागल्या. पराग होता, वेळ बरोबर होती, एकोणीस धागे होते. एकोणीस. त्या उठून आत आल्या.

"आई, ते लाल धागे. तुम्ही लावलेल्या फुलांनाच बांधले होते ना?"

सासूबाई भाजी चिरत होत्या. "बांधले होते की."

"सगळ्या एकोणीस फळांना तुम्ही पराग लावला होता?"

"सगळ्यांना कसा? नऊ असतील माझी. बाकीची आपली आपण धरली."

"मग त्यांना धागा का?"

"अगं, एकाला धागा आणि शेजारच्याला नाही," सासूबाई म्हणाल्या, "बरं दिसत नव्हतं ते. त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलं होतं?"

एवढ्यात नवरा दारात आले आणि म्हणाले, की आपली आपण म्हणजे भुंग्यांनी केली असणार, कारण मागच्या गल्लीतल्या गॅरेजच्या पत्र्यावर पिवळीचा केवढा तरी वेल चढलाय, दोन वर्षांपूर्वीच फुलायला लागला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज दिसतो की. फिरायला जातो तिथूनच."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलं नाहीस."

बाई त्यानंतर जे बोलल्या ते वजनमापवाल्यांना खालपर्यंत ऐकू गेलं असणार, डेसिबलसकट. दोन वर्षं! दोन वर्षं मी खत चाळलं, किडे घासले, रजा टाकल्या, आणि या घरात एक माणूस देठ मोडतो, दुसरं धागे वाटतं, जसे काही प्रसादाचे... त्या थांबल्या, कारण सासूबाईंनी विळी बाजूला ठेवली होती.

"तीस वर्षांत तू मला पहिल्यांदा एक काम दिलंस," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "भांडं विसळायला घेतलं तरी हातातून काढून घेतेस, परत विसळतेस. मला माहीत आहे. हे एक दिलंस. मी रोज तळतळत्या उन्हात बसले, हात धरून हात स्थिर केला. केली ती नीट केली, त्यातली नऊ धरली. धागे चुकले तर चुकले."

बाई आणखीच चिडल्या. राग काही सगळा सासूबाईंवर नव्हता. आणखी कुठली वेल आहेच कुठे इथं, हे त्यांनीच ठरवून टाकलं होतं. गल्ली फिरून पाहिली नव्हती. फुलांवर साध्या कापडाच्या पिशव्या बांधल्या असत्या तर भुंग्यांची टाप नव्हती आत शिरायची. म्हणजे अंदाज त्यांनीही केलाच होता. हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या. वर सगळ्यात मोठी फळं निवडली, सगळ्यात जोमदार रोपं ठेवली. दांडगाई पिवळीचीच, तर निवडून निवडून पिवळीचीच पोरं ठेवली. आठ दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

नवव्या दिवशी सकाळी वजनमापवाले स्वतः वर आले. बारा वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठी न पाठवता. हातात स्टीलचं ताट, ताटात तीन फळं.

"एकशे बारा ग्रॅम, एकशे चार ग्रॅम, अठ्ठ्याण्णव ग्रॅम," ते म्हणाले. "तुमच्या घरून दिलेल्या झाडाची आहेत. खिडकीखाली सडा पडतोय रोज. फरशीवर डाग पडतात. हे नेमकं काय आहे आणि विषारी आहे का, एवढं मला सांगा."

फळं भाजलेल्या विटेच्या रंगाची होती, अंगावर बारीक पांढरे ठिपके.

बाईंनी ताट घेतलं, सरळ स्वयंपाकघरात गेल्या, एक फळ कापलं. आत गर्द केशरी रस. चमचा तोंडात घातला आणि त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. गोड. आधी गोड, मग मागून आंबटपणाची एक बारीक रेघ, आणि वास असा की डोळे मिटावेत, दोन्ही.

त्या बाहेर आल्या. "किती दिवस पडताहेत?"

"सतरा."

"मग आधीची कुठे आहेत?"

"कचऱ्याच्या डब्यात. चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "चव्वेचाळीस फळं तुम्ही कचऱ्यात टाकलीत. मोजून."

"न मोजता कशी टाकणार?" वजनमापवाले म्हणाले. पहिल्यांदाच बाईंना त्यांचं बोलणं पटलं, हा आणखी वेगळा संताप.

त्या त्यांच्याबरोबर खाली गेल्या. खिडकीबाहेर तेलाचा जुना डबा, त्यात ढेकळाएवढी माती, आणि त्यातून ते मरतुकडं रोप उठून खिडकीचे सगळे गज गिळून बसलं होतं. विजेच्या तुटक्या वायरीनं ठिकठिकाणी बांधलेलं. खत? "चहाचा गाळ टाकतो सकाळी." पाणी? "वरून पडतंच की तुमचं. मी वेगळं कशाला घालू?" बाईंना आपली चार पिंपं आठवली.

बियांवर आता त्यांचा भरवसा उरला नव्हता. फांद्या लावल्या तरच तेच फळ मिळणार होतं. त्यांनी बारा फांद्या मागितल्या. वजनमापवाल्यांनी विचार केला आणि म्हणाले, "गळतीचं लेखी द्या."

"काय?"

"यापुढे थेंब पडणार नाहीत असं."

"पण त्याच पाण्यावर तुमची वेल जगलीये!"

"ते वेगळं. तत्त्वाचा प्रश्न आहे."

बाईंनी लिहून दिलं. प्रत्येक पिंपाखाली परात ठेवीन, खाली सही, तारीख. वजनमापवाल्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि मग कात्री स्वतःच आणून दिली. एवढंच नाही, प्रत्येक फांदी पट्टीनं मोजून बरोबर वीत-वीतभर कापून दिली, सगळ्या सारख्या. बाईंना कबूल करावं लागलं, की असा माणूस लॅबमध्ये असता तर बरं झालं असतं.

बारा फांद्या वाळूत लावल्या, वर प्लास्टिकच्या पिशव्या. सहा कुजल्या, सहांना मुळं फुटली. चार आंबट वेली बाईंनी स्वतःच्या हातानं उपटल्या, त्या दिवशी नवऱ्यानं दुपारची झोप सोडून पिंपं हलवायला मदत केली. सहामधल्या चार पिंपांत गेल्या. एक लॅबच्या मालकांना. एक गॅरेजवाल्याला, कारण बाई स्वतः जाऊन त्याच्या पत्र्यावरची पिवळी बघून आल्या होत्या, आणि दोन्ही वेली एकमेकींना उपयोगी पडतील हे त्यांना आता पक्कं माहीत होतं.

पुढच्या हंगामात फळं आली. भरपूर. गल्लीत वाटण्याइतकी. आणि इथून बाईंच्या डोक्याला नवा ताप सुरू झाला. फळ खाल्लेलं माणूस फांदी मागायला यायचं, बाई लॅबमध्ये असायच्या, आणि गच्चीत गवती टोपी घालून बसलेल्या असायच्या सासूबाई. "मीच काढलं हे फळ," त्या सांगायच्या. "माझ्या हातचं आहे." गल्लीत त्याचं नावच पडलं, सासूबाईंचं फळ. डॉक्टरांच्या दवाखान्यात एका पेशंटनं बाईंनाच विचारलं, तुम्ही त्या फळवाल्या आजींच्या सून ना? इतक्या वर्षांच्या दातवाल्या बाई एका हंगामात कुणाच्या तरी सून झाल्या.

"नऊ फळं," बाई नवऱ्याला म्हणायच्या. "नऊ. आणि त्यातलं एक."

"एकच लागतं," नवरा म्हणायचे.

एका रविवारी बाई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. बाहेर पलीकडच्या गल्लीतल्या दोघी बायका आल्या होत्या, सासूबाई त्यांना सगळं समजावून सांगत होत्या. कसा पराग घ्यायचा, कसा कुंचला धरायचा, फुलांच्या माना खाली जायची वाट कशी बघायची. मी रोज करायचे, मी ओळखायचे कुठली नखरेल ते. बाई ऐकत होत्या, दात आवळून.

"आणि बाराच्या सुमाराला लावायचं," सासूबाई म्हणाल्या. "अंदाजे."

चहाची गाळणी हातात तशीच धरून बाई दारात आल्या.

"बारा नाही आई, दीड," त्या म्हणाल्या. "बाराला फूल उघडतं. माना खाली जायला दीड वाजतो. सांगायचंय तर नीट सांगा."

"दीड," सासूबाई त्या बायकांना म्हणाल्या. "लिहून घ्या."

त्या दोघींपैकी एकीनं पर्समधून पेन काढलं. बाई परत आत गेल्या, दोन कप आणखी काढले आणि साखर मोजून घातली.